खांद्याचा जुना मार मानेवर उतरतोय. ऊसतोडीच्या गावांत त्याची नोंद मात्र कुठेच नाही

विशेष विश्लेषण

बीड : हंगाम संपून टोळ्या गावाकडे परतल्या की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यातल्या दवाखान्यांत एक वाक्य वारंवार कानावर पडतं. "डॉक्टर, मान धरलीय." कुणाची मान एका बाजूला वळत नाही, कुणाचं डोकं मागून ठणकतं, कुणाच्या बोटांना मुंग्या येतात. डॉक्टर मानेचा एक्स-रे काढायला सांगतात. एक्स-रेत मणके थोडे घासलेले दिसतात आणि माणूस "मला सर्व्हायकल आहे" असं सांगत घरी येतो.

पण त्याच माणसाला, बहुतेक वेळा त्याच बाईला, जरा खोदून विचारलं तर वेगळीच गोष्ट निघते. दोन-तीन हंगामांपूर्वी मोळी घेऊन फळीवर चढताना पाय घसरला होता. खांद्याला मार बसला होता. चार दिवस हळद-तेल लावलं, गोळी खाल्ली, पाचव्या दिवशी फडात उभी राहिली. "तवा झालं होतं की बरं," असं ती म्हणते.

प्रश्न त्या "बरं झालं"चाच आहे. खांदा पूर्ण बरा झालेला नसतो. दुखणं कमी झालेलं असतं, एवढंच. राहिलेली कमतरता मान भरून काढत असते, आणि एक दिवस तीही थकते.

हा विषय आत्ता मांडण्याचं कारण म्हणजे दर. ऊसतोडीच्या दरात जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली आणि टनामागे सुमारे २७३ रुपयांचे सुमारे ३६६ रुपये झाले. तो करार तीन हंगामांचा होता. म्हणजे आता पुन्हा बोलणी आहेत. टनाला किती, मुकादमाचं कमिशन किती, यावर चर्चा होईल आणि ती व्हायलाच हवी. पण ज्या खांद्यावर हा टन चढतो, त्या खांद्याचं काय होतं, हा मुद्दा बैठकीत येत नाही.

खांदा आणि मान वेगळे नाहीत

आधी शरीराची गोष्ट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ वाटीत बसवलेला मोठा गोळा. वाटी उथळ आहे म्हणून हात चहूकडे फिरतो, आणि त्यामुळेच तो सांधा लवकर निखळतोही. या गोळ्याला वाटीत धरून ठेवायला चार लहान स्नायू असतात. त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, गोळ्याभोवती कवच करतात. डॉक्टर याला रोटेटर कफ म्हणतात. पडल्यावर, झटका बसल्यावर किंवा वर्षानुवर्षं डोक्याच्या वर हात नेऊन काम केल्यावर हीच कंडरा सुजते, विरते, कधी फाटते.

आता हात वर कसा जातो ते पाहा. आपल्याला वाटतं की हात फक्त सांध्यातून वर जातो. तसं नाही. साधारण दोन हिस्से हालचाल सांध्यात होते आणि एक हिस्सा पाठीवरच्या पसरट हाडात, ज्याला आपण खवाटा म्हणतो. हात वर नेताना स्वतःच्या खवाट्यावर दुसऱ्या हाताची बोटं ठेवून पाहा, तो सरकताना कळेल.

सांधा दुखावला की माणूस नकळत एक युक्ती करतो. सांधा वर जात नाही, तर खवाटाच वर ओढायचा. खांदा कानाकडे उचलून, अंग थोडं विरुद्ध बाजूला झुकवून तो हात वर नेतो. काम होतं. दुखतही कमी. मग तीच सवय लागते.

पण खवाटा वर ओढणारे स्नायू कुठे बांधलेले आहेत? मानेला. एक मोठा स्नायू कवटीच्या मागच्या भागापासून आणि मणक्यांपासून निघून खवाट्याला आणि गळ्याच्या हाडाला येऊन मिळतो. दुसरा मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघून खवाट्याच्या वरच्या कोपऱ्याला लागतो. म्हणजे दुखऱ्या खांद्याने एकदा हात उचलला, की मानेच्या एका बाजूला एकदा ताण बसला. दिवसातून शेकडो वेळा उचलला, तर शेकडो वेळा.

बैलगाडीचं एक चाक जाम झालं तर बैल गाडी ओढतात, गाडी चालतेही. पण जू एका बाजूला तिरकं होतं आणि एका बैलाच्या मानेला घट्टे पडतात. इथेही तसंच होतं.

त्यात झोप येते. दुखऱ्या खांद्यावर झोपता येत नाही, म्हणून माणूस महिनोन्‌महिने एकाच कुशीवर, मान वाकडी करून झोपतो. कोपीत उशीच्या जागी कपड्याचं गाठोडं असतं. सकाळी मान आखडलेली असते आणि पाचला तर फडात जायचं असतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खांदा दुखावलेल्या प्रत्येकाची मान बिघडतेच, असं कुणी म्हणू नये. वय, अनुवंश, डोक्यावरचं ओझं, तंबाखू, झोप, मनावरचा ताण, यांचाही वाटा असतो. पण जुना खांदा आणि मानेचं दुखणं एकाच माणसात सोबत सापडणं ही हाडांच्या डॉक्टरांना नेहमीची बाब आहे. म्हणून मानेचा रुग्ण आला की खांदा तपासणं, आणि खांद्याचा आला की मान तपासणं, हा त्यांच्याकडचा नेहमीचा रिवाज आहे. आपल्याकडे गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तेवढा वेळ मिळत नाही.

'डोकी सेंटर'चा हिशोब

ऊसतोडीतले लोक कामाची विभागणी गाडी सेंटर, टायर सेंटर आणि डोकी सेंटर अशी करतात. बैलगाडी असली तर गाडी. ट्रॅक्टरला लावायची टायरगाडी असली तर टायर. आणि तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावरून नेऊन ट्रकमध्ये भरायच्या असतील तर डोकी. कामाचं नावच शरीराच्या अवयवावरून पडलंय.

एक साधं गणित मांडू. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टन ऊस तोडते असं धरा. मोळी तीस किलोची धरा. दोन टनांच्या साठ-पासष्टच्या वर मोळ्या झाल्या. दोघांत वाटल्या तरी माणशी तीसच्या वर खेपा. हंगामाचे १३० दिवस धरले तर एका माणसाच्या चार हजारांच्या आसपास खेपा. मोळी जमिनीवरून डोक्यावर घ्यायची, फडातून ट्रकपर्यंत चालायचं, अरुंद फळीवरून वर चढायचं, आणि वर पोचल्यावर डोक्यावरची मोळी हाताने फेकायची. हे झालं भरण्याचं. त्याआधी दिवसभर वाकून एका हाताने ऊस धरायचा आणि दुसऱ्याने कोयता मारायचा, ते वेगळं.

या खेपांत मानेवर सरळ दाब येतो, आणि मोळी घेताना-फेकताना खांद्याला झटका बसतो. ज्याचा खांदा धड आहे, तो झटका खांद्यातच जिरवतो. ज्याचा नाही, त्याचा झटका मानेपर्यंत जातो. डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांच्या मानेच्या मणक्यांची झीज लवकर दिसते, हे आफ्रिकेतल्या ओझं वाहणाऱ्या लोकांच्या तपासणीतही आढळलेलं आहे. आपल्याकडे वेगळं काही होत असेल असं मानायला कारण नाही.

मग आराम का करत नाहीत, असं शहरातला माणूस विचारेल. कारण खाडा. कामावर दांडी पडली की खाडा धरला जातो, कित्येक टोळ्यांत दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत. आणि तो जोडीवर पडतो. बायकोचा खांदा दुखतो म्हणून ती बसली तर नवऱ्याचा कोयताही थांबतो. उचल तर आधीच घेतलेली, लग्नात नाहीतर दवाखान्यात खर्चलेली. दोन टनांचे सातशे बत्तीस रुपये बुडाले, वर खाडा. अशा हिशोबात सहा आठवडे खांद्याला विश्रांती, हा डॉक्टरांचा सल्ला कोपीत टिकत नाही.

गावात राहणाऱ्यांनीही हे दुसऱ्याचं दुखणं समजू नये. सोळा लिटरचा फवारणी पंप भरला की पाण्याचंच वजन सोळा किलो होतं, पंपाचं वेगळं, आणि ते सगळं दोन पट्ट्यांनी खांद्यावर. पट्टा जिथे रुततो, तिथूनच मानेचा स्नायू जातो. मोंढ्यातले हमाल, बांधकामावर घमेलं वाहणाऱ्या बाया, टँकर आला की दोन-दोन हंडे भरून आणणाऱ्या मुली, सगळ्यांचा रस्ता हाच.

कधी कधी उलटंही असतं

दुखणं खांद्यात जाणवतं, पण मूळ मानेत असतं, असंही होतं. हातात जाणाऱ्या नसा मानेतूनच निघतात. मानेतली नस दबली की दुखणं खांद्यात, दंडात, थेट बोटांपर्यंत उतरतं. अशा माणसाच्या खांद्याला कितीही शेक द्या, फरक पडत नाही.

दोन्हींत फरक कसा ओळखायचा? पक्कं निदान डॉक्टरच करतील, पण काही खुणा घरी लक्षात येतात. हात वर नेताना, मागे पाठीकडे नेताना, पोलक्याची गाठ बांधताना, त्या कुशीवर झोपल्यावर दुखत असेल आणि दुखणं दंडाच्या वरच्या भागातच राहत असेल, तर बहुधा खांदा. मान वळवल्यावर किंवा वर पाहिल्यावर कळ हातात उतरत असेल, कोपराच्या खाली जात असेल, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर मानेकडे बघायला हवं. दुखरा हात डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटतं असं काही लोक सांगतात. तीही मानेतली नस दबल्याची खूण असू शकते, कारण तसं केल्याने नसेवरचा ताण सैल होतो. आपल्या तक्रारीतलं यातलं काय जुळतं, ते डॉक्टरांना न विचारता सांगा. त्यांचा वेळ वाचतो आणि तपासणी नीट होते.

आणि काही खुणा अशा आहेत की थांबायचंच नाही. बोटांतली ताकद जाऊन बटण लावता न येणं, हातातून वस्तू सुटणं, चालताना तोल जाणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं. याचा अर्थ मानेत मज्जारज्जूवर दाब असू शकतो. अशा वेळी एक्स-रे काढून घरी येऊ नका. जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा. तसंच डाव्या खांद्यात, मानेत, जबड्यात अचानक कळ, सोबत घाम आणि छातीत दडपण, हे खांद्याचं नव्हे तर हृदयाचं असू शकतं. तेव्हा १०८ लावा.

आता त्या एक्स-रेतल्या घासलेल्या मणक्यांविषयी. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या कित्येकांच्या एक्स-रेत ते दिसतात, ज्यांना काडीचंही दुखत नाही त्यांच्याही. त्यामुळे मणका घासलेला दिसला म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं होत नाही. "मणक्यात गॅप आहे" या एका वाक्यावर आपल्याकडे किती गोळ्या आणि किती पट्टे खपतात, त्याचा हिशोब न केलेला बरा. त्या गॅपकडे बघता बघता फाटलेली कंडरा मात्र तशीच राहते.

गोळी, पट्टा आणि न्हाव्याची खुर्ची

फडावर गोळी सहज मिळते. टपरीवर, मुकादमाकडे, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय. दुखणं दाबणाऱ्या या गोळ्या रोज, रिकाम्या पोटी, उन्हात पाणी कमी पिऊन खाल्ल्या तर पोटात जखम आणि मूत्रपिंडाला इजा, दोन्हीची भीती. त्याहून वाईट म्हणजे गोळीने दुखणं कळेनासं होतं, आणि अर्धवट फाटलेल्या कंडरेवर माणूस पुन्हा तीस किलो उचलतो. कागदी पुडीतल्या नाव नसलेल्या गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं, आणि पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

मानेचा पट्टा थोडे दिवस ठीक. महिनोन्‌महिने घातला तर मानेचे स्नायू आणखी दुबळे होतात. डॉक्टरांनी किती दिवस घालायचा ते सांगितलं नसेल, तर विचारा.

दाढी-कटिंग झाल्यावर मान कडाकड मोडून देणं हा आपल्याकडे सेवेचा भाग आहे. पैसेही लागत नाहीत. पण मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या मणक्यांतून जातात, आणि झटक्याने त्या फाटल्याची, त्यातून लकवा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. ज्याची मान आधीच धरलेली आहे, त्याने तर हात जोडून नको म्हणावं. निखळलेला खांदा गावातल्या जाणत्याकडून झटक्याने बसवून घेण्याचंही तसंच. सोबत हाड मोडलेलं असलं किंवा नस अडकली असली, तर हात कायमचा जाऊ शकतो. आधी एक्स-रे, मग सांधा. आणि तरण्या पोरांचा खांदा एकदा निखळला की पुन्हा पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच असते. त्यामुळे 'बसला' म्हणजे संपलं असं नाही. नंतरचा व्यायामच महत्त्वाचा.

साखर हा यातला छुपा भागीदार. मधुमेह असलेल्यांत खांदा आखडण्याचं, म्हणजे फ्रोजन शोल्डरचं, प्रमाण जास्त असतं. चाळीस ते साठच्या वयात मार न लागताही खांदा हळूहळू जाम होतो. केस विंचरता येत नाहीत, पदर घेता येत नाही. कित्येकांना साखर आहे हेच तेव्हा कळतं. गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीपुढच्यांची साखर आणि रक्तदाब तपासतात. खांदा आखडला असेल तर तिथे एकदा बोट टोचून घ्या.

उपचार म्हणाल, तर बहुतेक जुन्या खांद्यांना आणि मानांना ऑपरेशन लागत नाही. लागतो तो ठरवून दिलेला व्यायाम, रोज, सहा आठवडे ते तीन महिने. खवाट्याचे आणि खांद्याचे स्नायू हळूहळू बळकट करायचे, म्हणजे मानेवरचा भार उतरतो. हे शिकवणारा माणूस म्हणजे फिजिओथेरपिस्ट. तो बहुतेक ठिकाणी जिल्ह्याच्या रुग्णालयात किंवा तालुक्यातल्या खासगी दवाखान्यात. वस्तीवरच्या बाईला तिथे जाऊन यायला अख्खा दिवस आणि गाडीभाडं लागतं. आठवड्यातून तीनदा कोण जाणार? म्हणून पहिल्याच भेटीत घरी करायचे दोन-चार व्यायाम नीट शिकून घ्यावेत, आणि सोबतच्या माणसाने ते मोबाइलवर चित्रित करून ठेवावेत. एवढा उपयोग तरी त्या फोनचा व्हावा.

अपघात मोजला जातो, झीज मोजली जात नाही

आता पैशाचं आणि कागदाचं.

आपल्याकडच्या जवळपास सगळ्या मदतीच्या योजना 'अपघात' या शब्दावर उभ्या आहेत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाला किंवा दोन अवयव निकामी झाले तर दोन लाख, आणि एक अवयव किंवा एक डोळा गेला तर एक लाख. योजना चांगलीच आहे. पण जो हात खांद्यापर्यंत वर जातो आणि पुढे जात नाही, तो ना धड ना निकामी. त्याचा रकाना कुठल्याच अर्जात नाही.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र घ्यायला गेलं तर सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट. आखडलेला खांदा आणि दुखरी मान मिळून तिथपर्यंत क्वचितच पोचतात, कारण तिथे दुखणं मोजत नाहीत. हालचाल आणि ताकद मोजतात. मोळी उचलता येते की नाही, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. त्या बाईसाठी तर तोच प्रश्न आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते मुख्यतः दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. कंडरेचं ऑपरेशन करायची वेळ आली तर योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. रोजच्या व्यायामाला मात्र ती उपयोगी नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, ही जमेची बाजू. ग्रामीण रुग्णालयात केस पेपरचे पैसे लागत नाहीत.

कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यायची, हा कायदा १९२३ पासून आहे. आता तो नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. पण ऊसतोडीत मालक कोण, इथेच घोडं अडतं. कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो मी तुमच्यातलाच. त्यातून हाताला प्लास्टर घातलं असेल, तर निदान अपघात दिसतो तरी. तीन वर्षांनी धरलेली मान त्या पडण्यामुळे धरली, हे दाखवायचं कशाने? पडल्याच्या दिवसाचा कागदच नसतो.

म्हणूनच पहिल्या दिवशीचा कागद मोलाचा. फडावर, कोल्हापूर-सांगलीकडे असो की कर्नाटकात, पडलात किंवा खांद्याला मार बसला, तर त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. केस पेपरवर तारीख, कुठे आणि कोणतं काम करताना पडलात, कोणता खांदा, हे लिहून मागा. "पडून मार" एवढंच लिहिलं असेल तर "मोळी भरताना फळीवरून पडून" असं लिहायला सांगा. त्या कागदाचा फोटो काढून घरच्या दोन माणसांच्या फोनवर पाठवा. कोपीतला कागद पावसात जातो, फोनवरचा राहतो.

मोजलं म्हणून हललं

या जिल्ह्याला एक अनुभव आहे. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न पुढे आला. राज्याने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर महिलांची माहिती घेतली गेली आणि त्यांतल्या १३ हजारांवर महिलांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हा आकडा आला, तेव्हा विधिमंडळापासून दिल्लीपर्यंत हलले. पुढे हंगामाला जाण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी सुरू झाली. त्याआधी वर्षानुवर्षं बाया हेच सांगत होत्या. आकडा नव्हता, म्हणून ऐकलं जात नव्हतं.

खांद्याचा आणि मानेचा आकडा आज कुणाकडे नाही. तो काढायला मोठी यंत्रणा लागत नाही. हंगामाआधीच्या तपासणीत दोन्ही हात डोक्यावर नेऊन दाखवायला सांगायचं, हात पाठीमागे न्यायला सांगायचा, मान दोन्हीकडे वळवायला सांगायची. दोन मिनिटं. हाताला मुंग्या येतात का, मागे कधी पडलात का, हे दोन प्रश्न. उत्तर कार्डावर लिहायचं आणि परतल्यावर पुन्हा तेच करायचं. आशाताईंवर आणखी एक काम लादायला आपली यंत्रणा नेहमी तयार असते, त्यामुळे हे काम तपासणी करणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडेच द्यावं आणि आशाताईंना त्याचा वेगळा मोबदला द्यावा.

वजनाचंही तसंच. एकेकाळी या राज्यात हमाल शंभर किलोचं पोतं पाठीवर घेत होता. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने पन्नास किलोच्या पोत्याचा आग्रह धरला, आणि आज धान्य, साखर, सिमेंट यांची गोणी पन्नास किलोची असते. १९६९ च्या माथाडी कायद्याने ओझं वाहणाऱ्याला नोंदणी, मंडळ आणि हक्काची मजुरी दिली. माथाडी या शब्दातही माथाच आहे. पण उसाची मोळी किती किलोची असावी, याला कुठेही मर्यादा नाही. टनावर पैसे असल्याने मोळी जड बांधली तर खेपा कमी होतात, म्हणून मजूर स्वतःच जड बांधतो. वजनाची मर्यादा घातली आणि दर तोच ठेवला, तर त्याचा दिवस लांबेल आणि कमाई घटेल. म्हणून मोळीचं वजन आणि टनाचा दर एकाच बैठकीत बोलायला हवेत. ट्रकला लावायची फळी रुंद आणि खाचा पाडलेली असावी, ही मागणी तर काही हजारांची आहे. ती कारखान्याने मान्य करायला करारही लागू नये.

लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच राज्याने घालायचे, असं ठरलेलं आहे. राज्याचं गाळप कोटी टनांत असतं. त्या पैशातून हंगामाच्या काळात कारखाना परिसरात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसवणं अवघड नाही. खांद्याला मार बसला म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या दिवसांचा खाडा धरायचा नाही, आणि त्या दिवसांची निदान अर्धी मजुरी महामंडळाने द्यायची, ही दुसरी मागणी. संघटनांच्या मागणीपत्रात दर आणि कमिशनच्या खाली या दोन ओळी घालायला जागा आहे.

पुढच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतील. तपासणीची शिबिरं त्याआधी लागतात. गावात शिबिर लागलं की वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन झाल्यावर उठू नका. "माझा हा हात वर जात नाही, हे कार्डावर लिहा," असं तिथल्या माणसाला सांगा, आणि लिहिलेलं वाचून दाखवायला लावा.